सीमेवरची मोकळी पट्टी

आपल्या घरातले दुःख शेजारच्या अंगणातून येते, अशी ज्याची एकदा पक्की समजूत झाली, त्याला स्वतःचे अंगण पाहण्याची सवड उरत नाही. त्याचे दुःख बहुधा खरेच असते. त्या खऱ्या दुःखाचा आधार मिळाला की चुकीचा आरोपही खरा वाटू लागतो, आणि ज्याच्यावर तो केला त्याला होणारा जाच हा न्यायच आहे, असे मन स्वतःला समजावते. हुडकेश्वरच्या वाटेवरील नव्या वस्तीत राहणारे वामनराव खानझोडे यांचे असेच झाले होते. ते दुष्ट नव्हते. परंतु तीन वर्षे ते एकाच दिशेला तोंड करून उभे होते, आणि ती दिशा चुकीची होती.

वामनरावांनी चौतीस वर्षे भूमापन खात्यात काढली. त्या कामाची एक रीत असते. शेताची हद्द मोजायची तर आधी हद्दीवरची झाडोरा-झुडपे तोडून रेघ मोकळी करायची, म्हणजे मोजणीची साखळी सरळ ताणता येते आणि सीमेचा दगड लांबून दिसतो. निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधले, भोवती काटेरी तार ओढली, आत गुलाब आणि शेवंती लावली. रीत मात्र सुटली नाही. दर आषाढात ते फावडे घेऊन तारेच्या कडेने अलीकडची तीन हात आणि पलीकडची दोन हात जमीन खरवडून काढीत. पट्टी अशी उघडी करीत की त्यावर गवताची काडी राहत नसे. पलीकडचे दोन हात त्यांचे नव्हते. ते तुळसाबाई गजघाट्यांचे होते. पण सीमा ही दोन्ही बाजूंनी दिसावी लागते, असे त्यांचे म्हणणे असे.

तुळसाबाई त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या त्या अफाट गर्दीत सासूचा हात धरून उभी राहिलेली नवी सून, पुढे पंचवीस वर्षे लोकांच्या वावरात निंदणाला, तण काढायला गेलेली मजूर, आणि आता मुलाने वाडी गावच्या गोदामात हमाली करून घेतलेल्या जागेवर दोन खोल्यांत राहणारी विधवा. त्यांच्या अंगणात वाफे नव्हते. तिथे तरोटा माजलेला असे. ज्याला इतरत्र टाकळा आणि वैद्यांच्या ग्रंथांत चक्रमर्द म्हणतात, तोच हा पिवळ्या फुलांचा, गुडघ्याएवढा, कोणीही न पेरता उगवणारा. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी त्या करीत.

आणि वस्तीत आणखी एक वनस्पती आली होती, जिची भाजी कोणी करीत नाही आणि जिला गुरेही तोंड लावीत नाहीत. गाजराच्या पाल्यासारखी पाने, वर पांढऱ्या फुलांचा भुसा. लोक तिला गाजरगवत म्हणत. तिचा भुसा उडू लागला की वामनरावांच्या पत्नी मनकर्णाबाई यांचा दमा उसळे. पंच्याऐंशीच्या भाद्रपदात त्यांना दोनदा इस्पितळात न्यावे लागले. शहाऐंशीच्या भाद्रपदात तीनदा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, "हे गवत घराजवळ राहील तर पुढच्या भाद्रपदाची हमी मी देत नाही. गवत जाईल, नाही तर तुम्ही घर सोडून जा."

गवत कुठून येते याविषयी वामनरावांना शंका नव्हती. ज्या अंगणात फावडे फिरत नाही, त्या अंगणातून. त्याच आठवड्यात ते तारेपलीकडे उतरले आणि खरवडू लागले. तुळसाबाई ओट्यावरून उठून आल्या.

"काहून गा वामनराव, माह्या जागेत पाय काहून टाकला?"

"सीमा साफ करून राहिलो आहे. तुमचं रान माझ्या घरात शिरून राहिलं, ते दिसत नाही का?"

"रान? तरोटा हाये तो. एक डाव खाऊन पाहा, डोक्सं थंड होईल."

"माझ्या घरात माणूस गुदमरते आहे आणि तुम्हाला भाजी सुचते! जिथे तण पोसलं जातं तिथे रोग पोसला जातो, तुळसाबाई. स्वच्छता ही काही..."

"बोला ना, थांबले काहून? पुढचंबी बोला. आमच्या अंगनात रोग, आमच्या हातात रोग, आमच्या पान्यात रोग. लई जुनं गानं हाये हे. माह्या सासूले पाठ होतं."

वामनरावांना तसे म्हणायचे नव्हते, निदान त्यांची तशी समजूत होती. पण "मला तसे म्हणायचे नव्हते" हे चार शब्दही त्यांनी उच्चारले नाहीत. फावडे खांद्यावर टाकून ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीकडे तक्रारअर्ज दिला. अर्ज नकाशासह होता. त्यात गजघाटे यांची जागा तिरप्या रेघांनी भरून दाखवली होती. शेजाऱ्याच्या जिवाला धोका आहे म्हटल्यावर पंचायतीला हात झटकता येईना. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी मजूर लावून ती जागा खरवडावी आणि निघेल ते जाळून टाकावे, असे ठरले.

या सगळ्यात वामनरावांचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी त्यांनाही बजावले की उन्हात जायचे नाही, फावड्याला हात लावायचा नाही, आणि तारेजवळ तर मुळीच फिरकायचे नाही.

त्यांची एकुलती मुलगी प्रेमिला हिंगण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या तपासणीच्या विभागात होती. कंपनीच्या बसने जा-ये करी. दिवाळीच्या सुट्टीसाठी तिने विभागातला एक लहान संगणक साहेबांच्या परवानगीने घरी आणला. दिसायला नुसता कळफलक. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून त्यात कार्यक्रम भरायचा. वडिलांसाठी तिने स्वतः एक खेळ रचला होता. पडद्यावर बाग. सोळा घरे आडवी, बारा उभी. एका कळीने बी पेरायचे, दुसरीने पाणी द्यायचे, तिसरीने तण उपटायचे. फूल उमलले की यंत्र तीन सूर वाजवी.

"यात जिंकायचं कसं?" वामनरावांनी विचारले.

"जिंकायचं नाही, बाबा. हरायचंही नाही. गुणही नाहीत. मनाला स्वस्थता वाटावी, एवढ्यासाठी आहे."

"ज्यात हार-जीत नाही तो कसला खेळ?" असे म्हणत ते बसले आणि उठले ते चहाच्या वेळी.

पहिल्या दुपारी त्यांनी आपल्या बागेसारखीच बाग मांडली. मधोमध गुलाबांच्या रांगा, आणि उजवीकडची शेवटची दोन उभी घरे सवयीने मोकळी ठेवली. खऱ्या बागेतही तुळसाबाईंची बाजू उजवीच होती. थोड्या वेळाने त्या मोकळ्या घरांत वेडेवाकडे झुडूप उगवले. त्यांनी उपटले. दोन उगवली. दोन उपटली तर चार. संध्याकाळपर्यंत गुलाबांकडे लक्ष देणे राहून गेले होते आणि वामनराव ओठ घट्ट मिटून उजव्या कडेवर लढत होते.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बसले. तिसऱ्या दिवशी जेवण टीव्हीसमोर मागवले. तण उपटायची कळ ते अशी दाबीत की कळफलक टेबलावरून सरके. स्वस्थतेसाठी आणलेल्या त्या यंत्रापुढे त्यांच्या कपाळाची शीर ताठ उभी राही.

"आली! पुन्हा त्याच बाजूने आली! मनकर्णा, पाहून घे. मी म्हणत नव्हतो?"

मनकर्णाबाई दारात टेकून उभ्या होत्या. बोलताना त्यांना दर चार शब्दांनी थांबावे लागे. "अहो, तो टीव्ही आहे. त्यात तरी तुळसाबाईंना... सोडा."

"तू बाजू घेतेस तिची?"

"मी श्वास घेते. तेवढाच... पुरे होतो मला. तुम्ही माझ्या श्वासासाठी भांडता आहात का तुमच्या सीमेसाठी, ते एकदा... ठरवून सांगा."

वामनरावांनी पुन्हा तण उपटायची कळ दाबली; इकडे पाण्यावाचून गुलाब सुकून त्यांचीही घरे मोकळी पडत गेली. चौथ्या दिवशी दुपारी पडद्याचा अर्धा भाग झुडपांनी भरला, तेव्हा त्यांनी कळफलकावर थाप मारली.

"प्रेमिला! लबाडी आहे ही. कितीही उपटलं तरी बाहेरून बी येतच राहतं. या उजव्या बाजूला तू काय ठेवलं आहेस ते सांग मला."

प्रेमिला फराळाचे डबे भरीत होती. ती हात पुसत आली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "उजव्या बाजूला काहीच नाही, बाबा."

"काही नाही कसं? बी कुठून येतं मग?"

"बाहेरून येत नाही. बाहेर नाहीच काही. पडद्याच्या कडेपलीकडे मी काही लिहिलंच नाही. शेजार नाही, रस्ता नाही, वारासुद्धा नाही."

"मग हे?"

तिने कार्यक्रम थांबवला, आपली वही आणली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "हा नियम. जे घर मोकळं पडेल त्यात तण येईल. जितका वेळ मोकळं राहील, तितकं दाट येईल. पेरलेल्या घराच्या दाट सावलीत येणार नाही. तुम्ही उपटता म्हणजे घर मोकळं करता, आणि मोकळं ठेवून देता. हे सगळं रान तुमच्या मोकळ्या पट्टीतून निघालं आहे."

वामनरावांनी वही हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. आयुष्यभर दुसऱ्याची मोजणी तपासणाऱ्या माणसाला आपली मोजणी चुकल्याचे एकदम मान्य होत नाही. तो आधी साधने तपासतो.

"हा नियम तुझ्या मनचा आहे. खेळ अवघड व्हावा म्हणून."

"नाही. मला शेतीतलं काय कळतं? मी विचारून लिहिला."

"कोणाला विचारून?"

प्रेमिलाने वही परत घेतली. "तुळसामावशींना."

"मावशी?"

"पंचवीस वर्षं निंदण केलेलं माणूस आपल्या तारेपलीकडे राहतं, बाबा. मी अजून कोणाला विचारायला जाणार होते? त्या म्हणाल्या, 'पोरी, मातीले उघडं राहाची लाज वाटते. तू पांघरून टाकलं नाई, तं हाती येईल ते पांघरून घेते.' मी तेवढंच लिहिलं."

वामनराव संतापून उठले. आपल्या घरात, आपल्या मुलीने, आपल्या शत्रूची बुद्धी आपल्यापुढे मांडून ठेवावी, आणि चार दिवस आपण तिच्याशीच झुंजत राहावे, याचा राग त्यांना आवरेना. त्या दिवशी ते मुलीशी बोलले नाहीत. पण रागाच्या मागे काहीतरी टोचत होते, आणि ते टोचणे मोजल्याखेरीज जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची आज्ञा मोडून ते फीत, खुंट्या आणि सुतळी घेऊन तारेजवळ गेले. त्यांनी जमिनीवर हातभर लांबी-रुंदीचे चौकोन आखले. काही आपल्या मोकळ्या पट्टीत, काही तारेपलीकडच्या त्या दोन हातांत, आणि तारेवरून वाकून जेवढे दिसेल तेवढे तुळसाबाईंच्या तरोट्यात. प्रत्येक चौकोनातली गाजरगवताची झाडे ते एकेक करून मोजू लागले. आपल्या पट्टीतल्या पहिल्याच चौकोनात एकतीस निघाली. पलीकडच्या दोन हातांत सत्तावीस. तरोट्याच्या दाट सावलीत एकही नाही. दुसऱ्या चौकोनात एक, तेही पिवळे पडलेले, मान टाकलेले.

त्यांनी फीत गुंडाळली. दर आषाढात तीन हात आणि दोन हात मिळून त्यांनीच शत्रूसाठी अंथरूण घालून दिले होते. जिथे तरोटा उगवला असता तिथून तो काढून टाकला होता, आणि मोकळ्या मातीत जे आले त्याचा भुसा मनकर्णाबाईंच्या छातीत गेला होता. आणि उद्या सोमवार. उद्या पंचायतीचे मजूर येणार, पलीकडची सगळी जागा खरवडणार, शेंगांसकट तरोटा जाळणार. पुढच्या पावसाळ्यात हद्दीवरची पट्टी नव्हे, तर अख्खी जागा गाजरगवताने भरणार. हा आदेश कोणा शत्रूने काढलेला नव्हता. तो त्यांच्याच नकाशावरून निघाला होता.

ते तारेवरून गेले नाहीत. रस्त्याने वळसा घालून तुळसाबाईंच्या फाटकाशी गेले. त्या ओट्यावर तरोट्याच्या वाळलेल्या शेंगा सुपात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, पण या म्हटले नाही.

"तुळसाबाई, उद्याचं काम थांबवायला हवं."

"काहून? मजूर कमी पडून राहिले का तुमाले?"

"चूक माझी आहे. गवत तुमच्या जागेतून येत नाही. मी मोजून पाहिलं."

तुळसाबाईंनी सूप खाली ठेवले. "मोजलं! तीन वर्सं मी कोकलून सांगून राहिली, ते आयकू आलं नाई. फितीनं सांगितलं तं आयकू आलं."

"म्हणूनच आलो आहे..."

"आता कायचा नवा डाव हाये, ते सांगा. अर्ज तुमचा, नकाशा तुमचा. माह्यं अंगन तुमी रेघा मारमारून काळं केलं. सेक्रेटरीनं दाखवला मले तो कागद. माह्या पोराले आपल्या घराचं नाव वाचता येते, वामनराव. त्यानं वाचलं त्यात, आरोग्यास अपायकारक. दोन दिवस जेवला नाई तो."

वामनरावांनी मान खाली घातली. क्षमा मागावी हे त्यांना कळत होते. पण ज्याने कधी मागितली नाही त्याच्या तोंडात तो शब्द परक्या भाषेसारखा अडकतो. ते म्हणाले, "उद्या मी स्वतः सांगीन."

"सांगाल तवा पाहू. फाटक लावून जाजा."

सोमवारी सकाळी चार मजूर फावडी आणि घमेली घेऊन आले. सोबत पंचायतीचे सदस्य चंपतराव होते. वस्तीतली माणसे कुतूहलाने जमली. तुळसाबाई फाटकात पदर खोचून उभ्या होत्या. वामनराव हातात घडी केलेला कागद घेऊन पुढे आले.

"चंपतराव, काम सुरू करू नका. मी अर्ज मागे घेतो आहे."

"काय म्हन्ता, वामनरावजी? तुमच्यासाठीच तं आमी ही माणसं आणली. मजुरी कोन देईल आता?"

"मी देईन. पण आधी ऐकून घ्या, आणि सगळ्यांनीच ऐका." त्यांनी हातातला कागद उलगडला. "अर्जात मी लिहिलं होतं की या जागेमुळे माझ्या घरात रोग आला. ते खोटं आहे. हे गवत मी वाढवलं. सीमा मोकळी ठेवण्याच्या माझ्या खोडीने वाढलं. आणि त्यासाठी मी दर वर्षी या बाईंच्या जागेत न विचारता शिरत होतो. नकाशात तिरप्या रेघा मारायच्या होत्या, तर माझ्या पट्टीवर मारायला हव्या होत्या."

घोळक्यात कोणीतरी हसले. "घ्या, मोजणीवाल्याचीच मोजणी चुकली!" असा एक आवाज आला. वामनरावांनी कागदावर सही करून तो चंपतरावांच्या हाती दिला. मजूर फावडी खांद्यावर टाकून निघून गेले आणि लोकही पांगले.

तुळसाबाई तिथेच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. फार दिवस वाट पाहिलेली गोष्ट मिळाल्यावर येणारा थकवा होता.

"तुमी चारचौघांत खरं बोलले," त्या म्हणाल्या, "म्हून मी सारं विसरली, असं समजू नोका."

"समजत नाही."

"आता तरोट्याचं बी पायजे असंल तुमाले. आले तं त्याच्यासाठीच हाये ना?"

"हो." वामनराव म्हणाले. "मनकर्णासाठी."

मनकर्णाबाईंचे नाव निघाले तसे तुळसाबाईंचे डोळे तारेपलीकडच्या खिडकीकडे गेले. खिडकीत कोणी नव्हते. आतून खोकला ऐकू येत होता.

"तिच्यासाठी देईन. तुमच्यासाठी नाई. अन् माही एक अट हाये. जेठात तुमी सोता पेराचं. पोरीले पाठवाचं नाई, गडी लावाचा नाई. पयले माह्या दोन हातात पेराचं, मग तुमच्या तीन हातात. अन् फाटकातून याचं, विचारून."

ज्येष्ठात, ऊन उतरल्यावर, वामनराव फाटकातून विचारून आत आले. तुळसाबाईंनी ओट्यावरून उठण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"येऊ का?"

"या. चप्पल काढा. वावर हाये हे."

त्यांनी चपला काढल्या. गुडघे टेकून त्यांनी मातीत बोटाने रेघ ओढली आणि बी सोडू लागले.

"सरळ रेघ मारून राहिले का गा? फेकून द्या, फेकून! तरोट्याले सीमा कळत नाई."

वामनरावांनी मुठीतले बी फेकले. ते सगळे एकाच ठिकाणी पडले. "हात हालवा, हात! भीक घालून राहिले का मातीले?" असे ओरडतच तुळसाबाईंनी सगळी पट्टी पेरून घेतली. एकदाही पाणी विचारले नाही. वामनरावांनीही मागितले नाही. तारेअलीकडून हे सगळे पाहणाऱ्या प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आले.

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात तारेच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच हात रुंद, गुडघ्याएवढा तरोटा उभा होता. त्याच्यात गाजरगवत नव्हते असे नाही, पण होते ते खुजे आणि विरळ. रस्त्याच्या कडेला मात्र ते तसेच होते, म्हणून मनकर्णाबाईंना एकदा इस्पितळात जावे लागले. एकदाच. डॉक्टरांनी छाती तपासली, बराच वेळ ऐकले, आणि घर सोडण्याची गोष्ट काढली नाही. तुळसाबाई आणि वामनराव यांच्यात मैत्र झाले नाही. रस्त्यात भेटले तर ते "नमस्कार" म्हणत, त्या "जय भीम" म्हणत, आणि दोघेही पुढे जात. पण तुळसाबाईंच्या मुलाने तो अर्ज पंचायतीतून मागून आणला आणि चुलीत घातला, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मनकर्णाबाईंचा श्वास सुखाने चालो. तुळसाबाईंच्या अंगणात विचारल्याखेरीज कोणाचा पाय न पडो, आणि विचारून येणाऱ्याला तिथे कधीतरी पाणीही मिळो. वामनरावांचे गुडघे मातीवर टेकण्याइतके मऊ राहोत. प्रेमिलाच्या बुद्धीला यश येवो. आणि त्या मातीवर कोणत्या ना कोणत्या भल्या पानांची सावली सदैव असो.